पंधरा मिनिटं पुढची फाईल

२९ जुलै, मंगळवार

पूल गेला. परत. तिसऱ्यांदा.

काल जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये बसून शेतीच्या खेळातल्या ओढ्यावरचा लाकडी पूल पुरा केला. अठरा ओंडके. मग खेळातल्या बाईला घरात नेऊन झोपवलं, कारण ती झोपली की दिवस संपतो आणि सेव्ह होतो. हिरवी खूण आली. म्हणजे क्लाउडवर गेलं, निश्चिंत. संध्याकाळी बेडोकला खोलीवर आले, माझा पीसी उघडला, तर ओढा मोकळा. आणि अठराच्या अठरा ओंडके पेटीत. म्हणजे कोणी पूल पाडला नाही. बांधलाच नाही असं झालंय.

असं होऊच नये. बाबांचं नि माझं मिळून शेत एक, मशिनी तीन: अकोल्याला हॉलमधला बाबांचा डेस्कटॉप, माझा इथे परदेशातल्या खोलीवरचा पीसी, लॅबमधला लॅपटॉप. सेव्हची फाईल एकच, ती तिघांत फिरते. आणि बाबांचा नियम पहिल्या दिवसापासून आहे, एका वेळी एकच जण. झालं की मेसेज: गाडी सोडली. समोरच्याने उत्तर द्यायचं: गाडी लागली. एसटीत जन्म गेला त्यांचा, शेवटची बारा वर्षं कंट्रोलरच्या खिडकीत. एका फलाटाला दोन गाड्या त्यांना स्वप्नातही चालत नाहीत.

काल सकाळपासून बाबांचं एकही 'गाडी सोडली' नाही. मग कोणाची गाडी लागली होती?

३१ जुलै, गुरुवार

बाबांना फोन. जय भीम, जेवलीस का, गर्मी आहे का तिकडे. (बारा महिने आहे, बाबा. रोज विचारता.)

मी म्हटलं, पूल.

"मी कायले पाडू तुहा पूल? मी तं संध्याकाळी सहाच्या पुढंच बसतो."

दुपारी? सकाळी?

"सकाळी नऊ ते दहा विहारात असतो. वर्षावास चालू आहे ना वं, रोज ग्रंथवाचन. दहाला घरी."

इथे अडीच तास पुढे, म्हणजे इथले साडेअकरा ते साडेबारा. म्हणजे माझी जेवणाची सुट्टी. तेव्हा बाबा घरातच नसतात.

मागे भांड्यांचा आवाज येत होता. फोन आईनेच उचलला होता. माझं नाव बघितलं आणि "घ्या, तुमची लेक." बस. पावणेदोन वर्षांत माझ्या वाट्याला आलेले तीन शब्द, तेही मला उद्देशून नाहीत.

लॅपटॉपवर संशय आहे. लॅबचं वायफाय एकेक दिवस अंगात आल्यासारखं वागतं.

३ ऑगस्ट, रविवार

लिटिल इंडियातून ज्वारीचं पीठ, शेंगदाणे, लसूण. येताना बसमध्ये उभ्या उभ्या बेत ठरला. लॅपटॉपला हात लावायचा नाही. खोलीवरच्या पीसीवरच पूल बांधायचा आणि फाईलकडे बघत बसायचं. मी दिवसभर पाण्याच्या गाळण्यांचे नमुने तपासून खाते, एक फाईल तपासता येऊ नये?

साडेअकराला बांधायला घेतला. बाराला झोपवलं. हिरवी खूण. खेळ बंद. फोल्डर उघडं ठेवून ज्वारीची भाकरी थापली (फाटली). परत येऊन बघते तर फाईल बदललेली. खेळ उघडला. ओढा मोकळा, ओंडके अठरा.

तर लॅपटॉप निर्दोष. बिचाऱ्याला उगाच शिव्या घातल्या.

राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला मजा वाटायला लागली आहे. पूल महत्त्वाचा राहिला नाही, हे कोण करतंय ते बघायचंय.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज सापडलं काहीतरी!

लॅबमध्ये बांधला, सेव्ह केला, आणि फाईलच्या नावावर बोट ठेवून बसले. १२.०९ ला फाईल डोळ्यासमोर बदलली. आणि तिच्यापुढे बदलल्याची वेळ काय लिहिलेली? १२.२१.

भिंतीवरचं घड्याळ बघितलं. फोन बघितला. १२.०९. फाईल बारा मिनिटांनी पुढे. अजून न झालेल्या वेळेची फाईल माझ्या फोल्डरमध्ये आली होती. अंगावर काटा आला माझ्या, हसू नये.

शेजारच्या टेबलावरच्या वेई लिंगला ओढून आणलं. ती इथलीच, मरीन परेडला राहते, संगणकातलं माझ्यापेक्षा दुप्पट कळतं. तिने चिकन राइसचा डबा हातात धरूनच बघितलं.

"सिंपल व्हॉट. फाईल नॉट फ्रॉम फ्युचर. समबडीज क्लॉक इज रॉंग लाह."

मग तिने समजावलं. सिंक करणारा प्रोग्राम बिनडोक असतो. त्याला पूल कळत नाही, कोंबड्या कळत नाहीत. दोन फाईली समोर आल्या की ज्याची वेळ नंतरची ती खरी मानतो, दुसरी फेकतो. त्यामुळे ज्याचं घड्याळ पुढे तो नेहमी जिंकतो.

घड्याळ पुढे.

मी एवढ्या मोठ्याने हसले की पलीकडच्या खोलीतून प्रोफेसर डोकावले.

६ ऑगस्ट, बुधवार

आमच्या घरातलं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढे. मला आठवतं तेव्हापासून. स्टँडवर बाबा सेकंदाचे पक्के, घरी मात्र भिंतीवरचं, गजराचं, त्यांच्या मनगटावरचं, सगळी पंधरा मिनिटं पुढे. सगळ्यांना माहीत की पुढे आहे, तरी सगळे धावतात. शाळेत मी पेपरला नेहमी पहिली हजर, बाहेर शिपायाबरोबर उभी.

म्हणजे त्यांनी कॉम्प्युटरचंही पुढे केलं असणार. आपोआप वेळ घ्यायचं बटण बंद करून, हाताने. नवऱ्या मुलाला हळद लावावी तसं घरात आलेल्या प्रत्येक यंत्राला ते पंधरा मिनिटं लावतात. दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसाला हा बिघाड सापडला नसता.

काल फाईल आली १२.०९ ला, वेळ १२.२१. तीन मिनिटं इकडे पोचायला लागली. बरोबर बसतं. गणित जुळलं आणि छान वाटलं.

नंतर भाजी चिरताना लक्षात आलं. घड्याळाने एवढंच सांगितलं की फाईल अकोल्याहून येते. तेव्हा अकोल्यात वाजलेले असतात साडेनऊ. बाबा विहारात. दादा पुण्यात. हॉलमध्ये त्या खुर्चीवर कोण बसलेलं असतं?

आई तर त्या मशीनला डबडं म्हणते. "त्या डबड्यावरची धूळ पुसा आधी."

१० ऑगस्ट, रविवार

काल इथला राष्ट्रीय दिन झाला, कॉरिडॉरभर अजून झेंडे. घरमालकीणबाईंनी माझ्या दाराबाहेरही एक लावला आहे, विचारून.

बाबांना व्हिडिओ कॉल, संध्याकाळी. मी जरा चढ्या आवाजातच बोलले. चुकलंच. म्हटलं, बाबा, रोज साडेनऊला तुमच्या मशीनवरून कोणीतरी माझं केलेलं सगळं पुसून टाकतंय. पाच वेळा मिळून नव्वद ओंडके लावले मी. कोण बसतं तिथे?

बाबा कॅमेऱ्यात न बघता म्हणाले, "मले काय माहीत बापा. उंदीर असंल."

उंदीर माऊस चालवतो का, बाबा?

मागे आई उभी होती. दिसली नाही, पण स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पूल जागेवर. चौथा दिवस. लॅबमधून खेळले, खोलीवरून खेळले, हललासुद्धा नाही. घड्याळ तर मी अजून दुरुस्त करून घेतलेलं नाही. विसरले.

मग थांबलं कसं?

पूल ओलांडून पलीकडे गेले शेवटी. तिकडे काही विशेष नाही. दगड आणि झुडपं.

१७ ऑगस्ट, रविवार

कोंबड्या उपाशी आहेत.

आज खुराड्यात गेले तर सहाही जणी मान टाकून बसलेल्या, डोक्यावर ते रडक्या तोंडाचं चिन्ह. अंडी शून्य. मी बाबांना मेसेज केला: कोंबड्यांना दाणे टाकायचे सोडले का?

बाबा: मी कधीच टाकले नाही. मले वाटे तू टाकतेस.

मी पण टाकत नव्हते! मला वाटायचं बाबा टाकतात. खेळ सुरू करून दीड वर्ष होत आलं. सुरुवातीला महिनाभर दाणे टाकले असतील, नंतर मी खुराड्याकडे फिरकले नाही. बाबाही नाहीत. तरी दीड वर्ष कोंबड्या टुणटुणीत आणि पेटीत अंडी.

१० तारखेच्या फोननंतर उपाशी आहेत त्या. हिशेब केला, खेळातले दिवस मोजून. बरोबर त्या फोननंतर.

२० ऑगस्ट, बुधवार

लॅबचं काम दुपारीच उरकलं. खोलीवर येऊन जुन्या फाईली काढल्या.

सिंकवाला जुन्या नि फेकलेल्या प्रती लगेच नष्ट करत नाही. चाळीस दिवसांच्या ठेवतो, एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये. मी त्यातल्या अकोल्याहून साडेनऊच्या सुमारास आलेल्या तेवढ्या वेगळ्या केल्या. अकरा निघाल्या. जुन्या बंद पडत आलेल्या लॅपटॉपवर, इंटरनेट काढून टाकून, एकेक उघडली. आपल्याच शेतात चोरासारखं शिरायचं. काय गंमत वाटते म्हणून सांगू. तेच शेत, तीच विहीर, पण माझा पूल नसलेला दिवस. कोणा दुसऱ्याचा दिवस.

बाबांच्या पाट्या मला पाठ आहेत. "विहीर मार्गे गोठा." "जलद. घर." सगळं शेत म्हणजे बसस्टँड करून ठेवलंय त्यांनी.

पण खुराड्याच्या मागच्या बाजूला, जिथे मी कधी जातच नाही, तिथे एक पाटी. माझ्या आजच्या शेतातही ती आहे, पण कोरी. सोळा जुलैच्या प्रतीत तिच्यावर लिहिलं होतं:

सकाळी ९.२० पाणी दिले. दाणे दिले.

एकोणीस जुलै: सकाळी ९.१५ पाणी दिले. बेड ४ खात नाही. लक्ष ठेवणे.

बेड ४?

कोंबडीवर टिचकी मारली की तिचं नाव दिसतं. मी नावं कधी ठेवलीच नव्हती. एकेकीवर टिचकी मारली. बेड १. बेड २. बेड ३. बेड ४. बेड ५. बेड ६.

आई सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काल लिहिता आलं नाही पुढे. रडले भरपूर. घरमालकीणबाईंनी दार वाजवून पपई दिली, डोळ्यांकडे बघितलं नाही. बरं झालं.

अकराही प्रती उलगडून बघितल्या. रोज तेच. ती खेळ उघडते, खुराड्यात जाते, दाणे, पाणी, अंडी उचलून पेटीत, अंगण झाडते (खेळात झाडू आहे हेच मला माहीत नव्हतं). पाटीवर वेळ लिहिते. झोपवते. बंद. दुसऱ्या दिवशी आधी पाटी पुसते. शेताला हात नाही, बाबांच्या गोठ्याला हात नाही. वीस मिनिटांची ड्यूटी.

आता कळलं यंदा विहारात का जात नाही ती. "गुडघे दुखतात." दरवर्षी वर्षावासात एक दिवस चुकवला नाही बाईने.

आणि मी बाबांना ओरडून काय सांगितलं? कोणीतरी माझं पुसून टाकतंय. तिने ऐकलं, नळ बंद केला, आणि समजली की आपण हात लावला आणि बिघडवलं. पाटी कोरी केली आणि दुसऱ्या दिवसापासून बसली नाही. चूक घड्याळाची. दोन्हीकडून एकाच वेळी खेळलं की तिची प्रत जिंकायची, एवढंच. तिला काय माहीत.

ती माझ्याशी का बोलत नाही, हे इथे कधी लिहिलं नाही. लिहिते. अकोल्याच्या कॉलेजात जागा निघाली होती. आईने चार ठिकाणी जाऊन चौकशी केली, अर्ज माझ्याकडून भरून घेतला, माझी खोली रंगवून घेतली, पिवळी. मी हो हो म्हणत गेले. मुलाखतीच्या आदल्या दिवशी इथला करार वाढला आणि मी गेलेच नाही. फोनही केला नाही. बाबांना मेसेज टाकला. आई सकाळी मला घ्यायला स्टँडवर जाऊन उभी होती म्हणे, बाबांचा फोन घरीच राहिलेला, मेसेज कोणी वाचलाच नव्हता.

त्यानंतर एकदाच बोलली: "आम्ही चार्ज दिल्याबगर ड्यूटी सोडत नाही. पेशंट मेला तरी." आणि फोन बाबांकडे.

इथे राहिले याचं मला वाईट वाटत नाही. सांगितलं नाही, याचं वाटतं. आणि ते अजून सांगितलेलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

कॉल. आज मुद्दाम खणखणीत बोलले, स्वयंपाकघरापर्यंत पोचेल असं.

"बाबा, सापडलं! कोणाचीच चूक नाही! तुमचं घड्याळ पुढे आहे!"

"अवं हळू बोल, बहिरा नाही मी. घड्याळ पुढंच असते आपलं."

"कॉम्प्युटरचंसुद्धा?"

"मग? त्याले काय सोनं लागलं?"

समजावलं सगळं. बाबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, मागे नाही करणार. पंधरा मिनिटं पुढे होतं म्हणून या घराची गाडी कधी चुकली नाही. आणि तुमचा तो सिंकवाला एवढा शहाणा आहे तर त्यानं शिकावं.

बरं. सिंकवाल्याला मी शिकवलं मग. सेटिंग बदललं: दोन प्रती भिडल्या तर कुठलीच फेकायची नाही, दोन्ही ठेवायच्या आणि मला विचारायचं. शिवाय दर तासाला वेगळा बॅकअप, इथल्या हार्ड डिस्कवर. हेही मोठ्याने सांगितलं. "आता कोणीही कधीही खेळलं तरी काहीही पुसलं जाणार नाही, बाबा! कोणीही!"

"मी एकटाच तं खेळतो," बाबा म्हणाले. आणि डोळा मारला!! म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं. विहारातून साडेनऊलाच सुटत असतील, दहापर्यंत बाहेर चहा पीत बसत असतील.

आईचा आवाज नाही. पण नळ चालू होता, आणि माझं बोलणं सुरू झाल्यावर बारीक झाला.

नंतर खुराड्यामागच्या कोऱ्या पाटीवर लिहिलं. चाळीसच अक्षरं मावतात. खूप खोडाखोड केली.

चार्ज देते. बेड ४ आजारी. बाकी उपाशी.

२६ ऑगस्ट, मंगळवार

काही नाही.

बाराला लॅबमध्ये खेळ उघडून बसायचं आणि काहीच करायचं नाही, ही माझी नवी सुट्टी. वेई लिंगला सगळं सांगितलं. ती म्हणाली, युवर मदर सिक्स चिकन्स, सो सीरियस अह. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, माय मदर आल्सो लाइक धिस. आणि कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, दुसरा कप माझ्यासमोर ठेवला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काही नाही. मी दाणे टाकलेले नाहीत. टाकले तर तिला टाकायला काय उरणार? पण बेड ४ चं चिन्ह लाल झालंय. म्हणजे किती दिवस, खेळात कुठेच लिहिलेलं नाही. एका खोट्या कोंबडीसाठी माझा जीव टांगणीला लागलाय.

आमच्या ब्लॉकखाली पत्र्याच्या पिंपात कागद जाळतात सध्या, पितरांचा महिना आहे इथल्या लोकांचा. राख उडून कॉरिडॉरपर्यंत येते. घरमालकीणबाई रोज झाडतात. आज मी झाडलं.

३१ ऑगस्ट, रविवार

१२.०४. फाईल आली. वेळ १२.१७.

मुद्दाम आधी चहा केला. प्यायला नाही.

खुराडं. सहाच्या सहा उभ्या. पाटी:

९.४५ चार्ज घेतला. बेड ४ वेगळी ठेवली.

खरोखरच वेगळी ठेवली होती. गोठ्याच्या बाजूला चार फळ्यांचा आडोसा, त्यात बेड ४ एकटी, समोर पाणी. खेळात असलं काही करायची सोय आहे तरी का? दोनदा बघितलं. फळ्या माझ्या पुलाच्या उरलेल्या. विचारून घेतल्या नाहीत. घे बाई, सगळा पूल घे.

बाबांचा मेसेज आला: आज विहारात उशीर झाला. मी विचारलं, मुद्दाम? बाबा: हो.

२ सप्टेंबर, मंगळवार

पाटी: ९.३० बेड ४ ने थोडं खाल्लं.

मी खाली: रात्रीची ड्यूटी मी करू का?

४ सप्टेंबर, गुरुवार

पाटी: रात्री कोंबड्या झोपतात. सकाळी ये.

दहा वेळा वाचली. "सकाळी ये." हे मला आहे. थेट मला, क्रियापदासकट. पावणेदोन वर्षांनी. लॅबमध्ये नमुना सांडला. परत करावा लागणार, दोन दिवसांचं काम. हरकत नाही.

"सकाळी ये" म्हणजे फक्त खुराड्यात, हे मला कळतं. पण तरी.

५ सप्टेंबर, शुक्रवार

माझी पाटी: बेड ४ ने अंडं दिलं!

तिची: पाहिलं. नोंद केली. डिस्चार्ज नको अजून.

ही बाई दवाखान्यात अशीच होती. मी शाळेतून तिकडे जायचे, बाकावर बसून अभ्यास करायचे, आणि ती मला ओळखच द्यायची नाही. ड्यूटी संपली की मग डबा उघडायची.

ड्यूटी संपायची वाट बघत बसायची सवय आहे मला. पण या वेळी माझंच काहीतरी बाकी आहे. चार्ज देते असं पाटीवर लिहिणं सोपं आहे. जो तेव्हा दिला नाही त्याचं काय?

७ सप्टेंबर, रविवार

आत्ता लिहितेय, खोलीवरून, दुपारचे १२.१०.

आज ठरवून उठले होते. ११.५० ला खेळ उघडला. काल संध्याकाळी बाबांनी गाडी सोडली होती, त्यानंतर फाईल हललेली नव्हती. पाटीवर तिची कालची नोंद होती, ती पुसली. चाळीस अक्षरांत बसवायचं होतं. जानेवारीत करार संपतो, मग काय ते अजून ठरलेलं नाही, त्याबद्दल काही नाही. नुसतं एवढंच:

न सांगता ड्यूटी सोडली. चुकलं, आई.

झोपवलं. सेव्ह. आणि हिरव्या खुणेऐवजी पहिल्यांदाच ती पिवळी चौकट आली, जी मीच चालू करून ठेवली होती. दोन प्रती भिडल्या आहेत. एक इथली, ११.५८. एक अकोल्याची, १२.११. कोणती ठेवायची?

ती त्याच वेळी बसली होती. मी पाटी पुसत होते तेव्हा तीही पुसत होती.

दुसरी प्रत जुन्या लॅपटॉपवर नेऊन उघडली. कोंबड्यांना दाणे. पाणी. बेड ४ आडोशातून बाहेर, बाकीच्यांत. त्या पाटीवर वेळ नाही, पाणी नाही:

खोली रंगवली, तुले विचारलं नव्हतं.

आईला "तुले" असं लिहिताना मी कधी पाहिलं नाही. लिहिताना ती नेहमी पुस्तकी लिहिते, केस पेपरसारखं.

दोन्हींच्या नकला काढल्या. हार्ड डिस्कवर, पेन ड्राइव्हवर, जुन्या लॅपटॉपवर. त्या कुठे जात नाहीत आता. पण शेत एकच आहे. माझी प्रत ठेवली तर तिची पाटी तिच्या पडद्यावरून जाईल, आणि तिला वाटेल मी वाचून पुसली. तिची ठेवली तर माझी तिला दिसणारच नाही, कधीच. एवढा शहाणा केला मी सिंकवाल्याला, तरी एकाच शेतात दोन्ही पाट्या ठेव असं बटण त्याच्याकडे नाही.

अकोल्यात ९.४० झालेत. हॉलमधल्या घड्याळात दहाला पाच कमी. बाबा अजून बाहेर चहा पीत असतील. ती खुर्चीतच असेल, तिकडेही काहीतरी फिरत असेल पडद्यावर, आणि तिला वाटत असेल परत आपल्या हातून बिघडलं.

चौकट तशीच ठेवली आहे. आईचा नंबर बघावा लागला नाही, पाठ आहे. आधी तो लावते.